नोंदवहीत दोन

क्रेसेंट सिटी, कॅलिफोर्निया
२४ जून १९८४

चि. जनेल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी कराराचं उरकून टाकतो. मीटर ८७,४१२. काल संध्याकाळी डब्यातला घेवडा, पाव आणि एक सफरचंद. आज सकाळी ओटची लापशी, साखरेशिवाय. रक्तदाबाची गोळी घेतली, रिकामी पुडी पुरावा म्हणून जपून ठेवली आहे. झालं समाधान? आता बापाला बापासारखं लिहू दे.

घर सोडल्याला आज सहा दिवस झाले. नेवाडाच्या वाळवंटात गाडी तापली, तेव्हा तिला पेट्रोलपंपाच्या सावलीत तासभर उभी केली आणि स्वतः आइस्क्रीम खाल्लं. हे पथ्यात बसत नाही, पण कबूल करतोय. चूक झाली तर ती स्वतः सांगायची, हे कलम मीच घातलं होतं हे विसरू नकोस.

परवा समुद्र गाठला. धुकं इतकं होतं की तो आधी ऐकू आला, मग वासाला आला आणि सगळ्यात शेवटी दिसला. आज रेडवुडच्या झाडांमधून दोन मैल चाललो. गुडघा कुरकुरत होता, पण थांबला नाही. शेजारच्या तंबूत सॅक्रमेंटोची एक बाई आहे. एकटा म्हातारा बघून तिनं बटाट्याचं सॅलड आणून दिलं आणि माझी मुलंबाळं कुठे असतात अशी चौकशी केली, जणू तुम्ही मला रस्त्यावर सोडून दिलंय. मी सांगितलं की मुलगी एकच आहे, पण ती चार पोलिसांना भारी आहे.

पायवाटेच्या तोंडाशी तीच लाकडी पेटी, आत तीच नोंदवही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. आत जाताना नाव, गाव, माणसं किती, परत कधी येणार हे लिहायचं. बाहेर आल्यावर किती जण आले ते लिहायचं. बत्तीस उन्हाळे मी ती वही भरली आणि तुझ्या आईनं मागे उभं राहून माझ्या अक्षराला नावं ठेवली. मला ती वही नेहमीच आमच्या शाळेच्या बससारखी वाटत आली आहे. मोजून चढवा, मोजून उतरवा, आणि फेरी संपली की शेवटच्या बाकापर्यंत स्वतः चालत जाऊन बघा. एकतीस वर्षांत माझ्या बसमध्ये एकही पोर मागे राहिलं नाही.

एप्रिलमधल्या त्या सकाळबद्दल गावात अजून हसत असतील तर हसू देत. निवृत्तीला सहा वर्षं झाल्यावर एखादा माणूस पहाटे उठून आपल्याच गाडीतून बसचा जुना रस्ता पुरा करतो, दर फाटकाशी थांबून हॉर्न देतो, तर त्याला मी सवय म्हणतो. तू त्याला दुसरं काहीतरी म्हणालीस, म्हणून तर तो कागद आणि त्या सह्या. एवढा एक उन्हाळा मला एकट्याला फिरू दे. पहिली चूक दिसली की किल्ली तुझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर येईल. मी शब्द दिला आहे.

तीस तारखेला व्हर्ला आत्याकडे कूस बेला पोचेन. तुझं पत्र तिच्याच पत्त्यावर टाक. आमच्या जावईबुवांना, ग्लेनला सांग, मक्याला पाणी देताना माझी छत्री वापरली तरी चालेल, पण परत जागेवर ठेवावी.

लोभ आहेच, पाळत थोडी कमी कर.

तुझा
बाबा


कॉटनवुड बेंड, नेब्रास्का
२८ जून १९८४

ती. बाबांना,
जनेलचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. बरं वाटलं. आइस्क्रीम माफ.

इकडे सगळं ठीक. पाऊस नाही, त्यामुळे ग्लेन दिवसभर पाटाच्या मागे असतो आणि घरी आल्यावर खुर्चीतच झोपतो. छत्री सापडली नाही. बियाणाच्या दुकानात माझी खूप धावपळ चालली आहे, नाहीतर मीच तुमच्याबरोबर निघाले असते. आणि तुम्ही मला फाटकापासूनच परत पाठवलं असतंत, हेही मला माहीत आहे.

बाबा, एक विचारायचं आहे. आज दुपारी तुमचं आणखी एक पत्र आलं. तारीख पंचवीस जून. त्यातही मीटर ८७,४१२. त्यातही घेवडा, सफरचंद, पेट्रोलपंपाच्या सावलीतलं आइस्क्रीम, सॅक्रमेंटोची बाई आणि चार पोलीस. पहिल्या पत्रातलं शब्दाला शब्द. दोन्ही पत्रं मी टेबलावर शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत बसले.

ग्लेन म्हणतो की पहिलं पत्र गहाळ होईल या भीतीनं तुम्ही नक्कल पाठवली असणार. मी सध्या ग्लेनचं ऐकायचं ठरवलं आहे. पण नक्कल करणारा माणूस वर तसं लिहितो, आणि तुम्ही तर किराण्याच्या यादीवरसुद्धा तारीख घालणारे. काय झालं ते मला कळवा. मी लगेच किल्ली मागणार नाही. फक्त कळवा.

फोन करू नका. फोनवर आपण दोघं हवापाण्याचं बोलतो आणि ठेवून देतो. कागदावर तुम्ही जास्त खरे असता.

काळजी आणि माया, दोन्ही तुमच्या वाट्याला आहेच.

तुमची
जनेल


कूस बे, ऑरेगन
४ जुलै १९८४

चि. जनेल हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

डेल इथे चार दिवस राहून आज सकाळी वर वॉशिंग्टनकडे निघाला. तू माझ्यावर जी कामगिरी सोपवली होतीस ती मी डोळ्यांत तेल घालून पार पाडली. तुझा बाप ठणठणीत आहे. माझं गटार त्यानं साफ केलं, मागच्या दाराची बिजागरी बसवली आणि ती मी चुकीची विकत घेतली म्हणून दोन दिवस मला ऐकवलं. ज्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं त्याला एवढं टोचून बोलता येत नाही.

दोन पत्रांचं मी विचारलं. त्याचं म्हणणं असं की उन्हाळ्यात पोस्टातले लोक सुट्टीवर असतात, त्यांचा भरवसा नाही, म्हणून एक जादा टाकलं. माझं त्यानं समाधान झालं. तूही मनाला लावून घेऊ नकोस.

गाडी तो उत्तम चालवतो. मला लाइटहाउसपर्यंत फिरवून आणलं. वाटेत एकदा रस्ता चुकला, पण त्या वळणावर मीसुद्धा चुकते आणि मी इथे चाळीस वर्षं राहते. जेवण व्यवस्थित. खेकडे खाल्ले, ब्लॅकबेरी भरून भट्टीत भाजलेला गोड पाय दोनदा खाल्ला. काही म्हणजे काहीही काळजी करण्यासारखं नाही. त्याला जाऊ दे, जनेल. या वयात माणसाच्या हातून एक गोष्ट काढली की बाकीच्या आपोआप गळून पडतात. हे मी आमच्या ह्यांच्या वेळी पाहिलं आहे.

पुढचं पत्र फोर्क्सच्या पोस्टात, त्याच्या नावानं ठेव. तिथे वाटसरूंचं टपाल राखून ठेवतात.

मला विसरू नकोस, आणि पत्राला पत्र दे.

तुझी
व्हर्ला आत्या


फोर्क्स, वॉशिंग्टन
१२ जुलै १९८४

चि. जनेल हिस,
आशीर्वाद.

पत्राला दोन दिवस उशीर झाला, राग धरू नकोस. मीटर ८८,१०६. जेवण सूप, बिस्किटं.

इथला किनारा फार सुंदर. मोठाले ओंडके वाळूत येऊन पडले आहेत आणि समुद्रात उभे खडक आहेत, त्यांच्या डोक्यावर झाडं. सोमवारी तिथे चालून आलो. आता रानातल्या नदीकाठच्या कॅम्पग्राउंडवर आहे. पाऊस सारखा चालूच असतो. सांगण्यासारखं विशेष काही नाही.

नोंदवहीत आकड्याचा काहीतरी गोंधळ झाला म्हणून पार्कची माणसं येऊन विचारून गेली. कागदी काम. तुझ्याकडे कोणाचा फोन आला तर घाबरू नकोस.

इथून रेनियर पर्वताकडे जायचं, आणि मग घर. तेवढंच राहिलं आहे.

बाबा


कॉटनवुड बेंड
१६ जुलै १९८४

ती. बाबा,
सा. न.

तुमचं बारा तारखेचं पत्र आता मिळालं. सांगण्यासारखं विशेष काही नाही, असं तुम्ही लिहिलंत.

बाबा, मला सगळं कळलं आहे. अकरा तारखेलाच कळलं. आम्ही दोघं दोन दिवस ग्लेनच्या भावाकडे लिंकनला होतो. दुपारी घरात पाऊल टाकलं तर फोन वाजतच होता. तिकडचा एक पोलीस अधिकारी होता, फार अदबीनं बोलत होता. त्यानं माझं नाव विचारलं, मी डेल्बर्ट हॉगींचीच मुलगी ना याची खात्री केली, आणि मग विचारलं की मी आईला शेवटचं कधी पाहिलं.

मी सांगितलं, गेल्या वर्षी फेब्रुवारीत, शवपेटीत.

त्यानं साल पुन्हा विचारून घेतलं. मग त्यानं हळूहळू सांगितलं. सोमवारी तुम्ही वहीत लिहिलंत, डेल आणि अर्लीन, माणसं दोन. संध्याकाळी बाहेर पडताना लिहिलंत, एक. मंगळवारी सकाळी रेंजरनं वही उघडली तेव्हा तुमची गाडी निघून गेली होती आणि समुद्र खवळला होता. दीड दिवस तीस माणसं त्या खडकांमधून अर्लीन नावाच्या बाईला हाका मारत फिरली, बाबा. पावसात. एक बोट आणली. गावातली डोरीन म्हणून एक बाई, बेकरीत काम करते, नुसती मदतीला आलेली, ती ओंडक्यावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. आणि त्या अधिकाऱ्यानं हेही लपवलं नाही की त्यांच्यातले काही जण तुम्ही आईला कड्यावरून ढकललं असेल अशा संशयात होते.

त्याच संध्याकाळी रेंजरना तुम्ही सापडलात. बायको कुठे आहे असं विचारल्यावर तुम्ही शांतपणे सांगितलंत की ती कॉटनवुड बेंडच्या दफनभूमीत आहे. रेंजरनं म्हणे टोपी काढली आणि पुढे काही विचारलंच नाही. मुलीला कळलं आहे हे तुम्हाला सांगू नका, अशी विनंती मीच त्यांना केली. मला बघायचं होतं की तुम्ही स्वतःहून लिहिता का. तुम्ही सूप आणि बिस्किटं लिहिलंत.

आता एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला कागदावर हवं. तो दोनचा आकडा हाताच्या सवयीनं पडला, की आई तुमच्याबरोबर आहे असं तुम्हाला त्या दिवशी खरंच वाटत होतं? सवय असेल तर मी गिळून टाकेन. तुम्ही रेनियरला जा, घरी या, मी जन्मात विषय काढणार नाही. पण दुसरं असेल, तर तुम्ही त्या वळणावळणांच्या रस्त्यावर एकटे गाडी चालवताय आणि समोरून कोणाची तरी पोरं येत असतात. तुम्हाला पोरांचं कोणी सांगायला नको.

तुम्ही खोटं लिहिलंत तरी मी ते खरं मानेन. मला तसंच व्हायला हवंय. म्हणूनच खोटं लिहू नका.

रागातही तुमचीच,
जनेल


कूस बे
१९ जुलै १९८४

चि. जनेल,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सगळं वाचलं. मीच गुन्हेगार आहे. चार तारखेच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली होती.

पहिल्या संध्याकाळी जेवायला बसलो तर डेलनं तिसरी खुर्ची ओढली आणि सहज म्हणाला की अर्लीन येईल इतक्यात, तिच्यासाठी पायचा तुकडा काढून ठेव, नाहीतर मागाहून रुसेल. आणि जनेल, मी त्याला काही बोलले नाही. मी तुकडा काढला. ताट मांडलं, शेजारी काटाही ठेवला. अर्लीन माझी भावजय खरी, पण पस्तीस वर्षांची मैत्रीण होती. तेवढा वेळ मलाही बरं वाटलं. थोड्या वेळानं त्यानं त्या ताटाकडे पाहिलं, उठला, तुकडा स्वतः खाल्ला आणि भांडी घासायला घेतली. पाय दोनदा खाल्ला असं मी तुला लिहिलं ते खोटं नव्हतं.

तेव्हाच तुला कळवलं असतं तर त्या बिचाऱ्या बाईचा हात मोडला नसता. डेल पाण्यात गेला असता तर मी काय केलं असतं? तुला रागवायचं तर माझ्यावर रागव. त्याला सांभाळून घे.

तुझी
व्हर्ला आत्या


फोर्क्स
२१ जुलै १९८४

चि. जनेल हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट जड लागलं असेल. गाडीची किल्ली आहे. जोडीची दुसरी तुझ्या खिळ्यावर आहेच, तेव्हा आता माझ्याजवळ एकही नाही. गाडी कॅम्पग्राउंडवर रेंजरच्या खोलीसमोर उभी आहे. मी तिच्यात झोपतो, तिला पुसतो, चालवत नाही.

तू विचारलंस, हात चुकला की मी. हात चुकला, असं पत्र मी आधी लिहिलं होतं. दोन दिवस लागले, चांगलं जमलंही होतं. मग रेंजरबरोबर गावात जाऊन त्या डोरीनबाईंना भेटलो. मी माफी मागितली. त्यांनी मला अर्धा तास बरण्यांची झाकणं उघडायला लावली, कारण एका हातानं त्यांना ती उघडत नाहीत. मी सगळं सांगितलं. निघताना त्या एवढंच म्हणाल्या की पेन्सिलीच्या टोकाला रबर कशाला लावतात याचा घरी जाऊन विचार करा. परत आलो आणि ते पत्र फाडलं.

दोनचा आकडा मी सवयीनं लिहिला. तेवढं खरं. पण पुढचं ऐक. किनाऱ्यानं चालत, कडा समुद्रात घुसतो त्या टोकाशी पोचलो. ते टोक ओहोटीतच ओलांडता येतं आणि ओहोटी संपत आली होती. पलीकडे गेलो, वळून पाहिलं तर अर्लीन मागे नाही. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही, जनेल. मला राग आला. ही बाई पुन्हा शिंपले वेचत बसली असणार, पाणी चढतंय आणि हिला भान नाही, असा राग. मी हाका मारल्या. मग परत फिरलो, कारण मागे कोणी राहिलंय का हे बघितल्याशिवाय मी कधी पुढे गेलेलो नाही. पाणी गुडघ्याला आलं, मग मांडीला, मग कमरेला. एका खडकाला धरून मी माणसं मोजत होतो. कितीही वेळा मोजलं तरी एकच भरत होतं.

आणि तिथे उभ्या उभ्या मला आठवलं. तो फेब्रुवारी, ते बर्फ, ग्लेननं धरलेला माझा दंड. ती बातमी मला परत पहिल्यापासून ऐकावी लागली आणि सांगायला दुसरं कोणी नव्हतं. मीच मला सांगितली. मग एका लाटेनं मला खडकावर फेकलं, वर चढायला दोर बांधलेला होता तो हाताला लागला, आणि मी वर आलो. त्या क्षणी वर यायची मला फारशी घाई नव्हती, हेही लिहून टाकतो. खरं लिहायचं तर सगळंच लिहावं.

संध्याकाळी रानाच्या वरच्या वाटेनं पेटीपाशी पोचलो. बाहेर आलेले, या रकान्यात एक लिहिलं. शेजारी दोन दिसत होतं. मी रबर त्याच्यावर टेकवलंसुद्धा. पण बत्तीस उन्हाळे मी तिला वहीत लिहीत आलो, खोडली कधीच नव्हती. मला ते जमलं नाही. वही मिटली आणि निघालो. ते मी विसरून केलं नाही. त्या अख्ख्या दिवसात तेवढीच एक गोष्ट मी पूर्ण शुद्धीत केली, आणि तीच सगळ्यात वाईट. आकडा जुळत नसताना मी निघून गेलो. बसवर एखाद्यानं असं केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी बस दिली नसती.

क्रेसेंट सिटीची दोन पत्रं, तीही तशीच. दुसरं लिहिताना पहिलं लिहून झालंय हे मला माहीत नव्हतं. पोस्टाच्या लोकांना उगाच नावं ठेवली. आणि बारा तारखेचं पत्र म्हणजे निव्वळ भित्रेपणा होता.

आता तू ठरव. व्हर्ला येऊन मला बसनं घेऊन जाईल असं म्हणते. गाडी इथेच विकता येईल. रेनियर राहिला, तर राहिला.

तुझा राग उतरला की लिही. नाही उतरला तरी लिही.

तुझा
बाबा


सनराइज, माउंट रेनियर
४ ऑगस्ट १९८४

ती. व्हर्ला आत्या,
सा. न. वि. वि.

इथे मेजावर बसून लिहिते आहे. बाबा समोर बाकावर बसून बूट काढताहेत आणि तुझ्या बिजागरीबद्दल कोणा अनोळखी माणसाला सांगताहेत. तेव्हा तब्येत तुला कळलीच.

किल्ली पाकिटातून टेबलावर पडली तेव्हा ग्लेन समोर होता. त्यानं पत्र वाचलं, मक्याला महिनाभर तो एकटा पुरेल म्हणाला, आणि बाहेर जाऊन बराच वेळ आला नाही. बियाणाच्या दुकानाला मी सुट्टी मागितली नाही, नुसतं सांगितलं. विमानानं सिॲटल, तिथून बसनं फोर्क्स. मी उतरले तर बाबा थांब्यावर दाढी करून उभे. माझ्या हातातली किल्ली त्यांनी पाहिली, हात पुढे केला नाही. चालकाच्या दाराला वळसा घालून पलीकडच्या बाजूनं चढले आणि पट्टा बांधला. चाळीस वर्षांची मी झाले, पण त्या जागी त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पहिले दहा मैल मला रस्ता नीट दिसत नव्हता. मग मी वळणावर गिअर उशिरा बदलला आणि ते बोलले, तेव्हा बरं वाटलं.

डोरीनबाईंना भेटलो. त्यांनी दालचिनीचे रोल बांधून दिले आणि बाबांना विचारलं की उत्तर सापडलं का. बाबा म्हणाले, सापडलंय, पण अजून हात धजत नाही.

तुझ्यावर मी रागवले होते, आत्या. चार दिवस. मग वाटलं की मी असते तर मीही ताट मांडलं असतं. पुढे मात्र आपण दोघींनी एकमेकींपासून काही गाळायचं नाही. आता ते दिवस येणार आहेत. काल मोटेलात त्यांनी मला दोनदा अर्लीन म्हणून हाक मारली. एकदा स्वतःच सावरले, एकदा नाही.

आज सकाळी इथून खालच्या कुरणातल्या वाटेवर गेलो. फुलं ऐन बहरात आहेत आणि पर्वत अगदी अंगावर आल्यासारखा दिसतो. वाटेच्या तोंडाशी ती पेटी. मी मुद्दाम दोन पावलं मागे थांबले. बाबांनी वही उघडली, तारीख लिहिली, नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि माणसांच्या रकान्यापाशी थांबले. मागे तीन-चार लोक खोळंबले होते. मग ते वळले आणि त्या सगळ्यांच्या देखत, जराही न लाजता, त्यांनी मला विचारलं की आपण किती जण आहोत.

मी सांगितलं, दोन.

त्यांनी तेवढ्यावर लिहिलं नाही. पेन्सिलीचं टोक माझ्या खांद्याला टेकवलं, मग स्वतःच्या छातीला टेकवलं, बसच्या पायरीवर पोरांना टेकवायचे तसं. आणि मग लिहिलं, दोन. तासाभरानं परत आलो तेव्हाही तसंच मोजलं, आणि बाहेर आलेले, दोन.

गाडीत बसलो. मी किल्ली फिरवणार तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. फेरी संपली की शेवटच्या बाकापर्यंत जाऊन बघायचं असतं, म्हणाले, पण आज माझ्या बघण्यावर माझा भरवसा नाही, तू बघ. मी उतरले. मागचं दार उघडलं. सीटवर आईची जुनी शाल, तंबू, रोलची रिकामी पिशवी. मी सीटखालीसुद्धा वाकून पाहिलं. परत येऊन त्यांना सांगितलं की मागे कोणी राहिलेलं नाही. त्यांनी माझ्याकडून ते आणखी एकदा वदवून घेतलं, आणि मग निघू म्हणाले.

चार दिवसांनी घराकडे वळतो. थोडी वाकडी वाट करून तुझ्याकडे दोन दिवस थांबू. ताटं तीनच मांड, आत्या. आणि त्यांनी चौथं मागितलं तर मला हाक मार, आपण मिळून सांगू.

माया अशीच राहू दे, ती आता तिघांना पुरवायची आहे.

तुझी
जनेल